दोन घरचे सूर

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणीतरी एकीने उठून चार शब्द बोलावयाचे, अशी आपल्या मंडळाची जुनी प्रथा आहे. आजवर या जागेवरून आहार, बचत, मुलांचे संगोपन अशा उपयोगी विषयांवर भाषणे झाली. यंदा कार्यवाहबाईंनी माझे नाव घातले, तेव्हा मी त्यांना म्हटले, “अहो, मला लोणची आणि भजन यांपलीकडे काय येते?” त्या म्हणाल्या, “मग त्यांवरच बोला.” परंतु आज मी लोणच्यांवरही बोलणार नाही आणि भजनावरही नाही. मी बोलणार आहे एका फ्रेंच बासरीवादकाच्या ध्वनिमुद्रिकेवर. हसू नका. त्या तबकडीचा आपल्या मंडळाशी काय संबंध, ते ओघाने येईलच. आधी मला एक कबुली द्यावयाची आहे.

गेल्या वर्षी याच दिवसांत आपली सभा भरली होती. भजनाच्या कार्यक्रमात थोडी नवी वाद्ये घ्यावीत, अशी सूचना काही तरुण सभासदांनी केली. मी तावातावाने उठले आणि म्हणाले, “ज्याची शोभा त्याच्या जागी. आमच्या भजनात भेसळ नको.” तुम्ही पुष्कळ जणींनी टाळ्या वाजवल्या. मलाही बरे वाटले. त्या वेळी शेवटच्या रांगेत माझी सून बसली होती, याचे मला भान राहिले नाही.

माझी सून गोव्याची, सासष्टीकडची, ख्रिस्ती घरातली. तिकडे पोर्तुगिजांच्या काळी चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. त्या वळणाची संगीताची आवड तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती लहानपणापासून पाश्चात्य बासरी शिकली. लग्न होऊन आमच्या घरी आली, तेव्हा तिच्या सामानात एक काळी लांबट पेटी होती. पहिल्याच महिन्यात एका संध्याकाळी तिने ती उघडली, चांदीसारखी चकचकीत बासरी तीन तुकड्यांतून जुळवली आणि ओठांशी आडवी धरली. मी स्वयंपाकघरातून डोकावले आणि म्हणाले, “अगं, ही कसली बासरी! बासरी असावी वेळूची. ही तर नळाची तोटी दिसते.” सगळे हसले. तीही हसली. दुसऱ्या दिवशी ती पेटी माळ्यावर गेली.

भगिनींनो, ती पेटी माळ्यावर गेली हे माझ्या लक्षात यायला दीड वर्ष लागले. घरात रोज काय शिजते, कोणाच्या ताटात काय उरते, हे आपल्याला न पाहता कळते. पण घरातला एक आवाज बंद झाला, हे मात्र मला कळले नाही.

दिवाळीच्या आधी माळा झाडताना ती पेटी खाली आली. तिच्याबरोबर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक मोठी तबकडी होती. “पप्पांची आहे,” सून म्हणाली. तिच्या वडिलांनी ती मुंबईत नोकरीला असताना घेतलेली. आता ती वाजवायला आमच्याकडे यंत्र नाही. मी सहज विचारले, “यात आहे तरी काय?” तिने तेच संगीत आपल्या मोबाइलवर लावून दिले आणि ती पुन्हा जाळी काढायला लागली. मी डाळ निवडत बसले होते. डाळ तशीच राहिली.

त्या तबकडीचे नाव ‘सूट फॉर फ्लूट अँड जॅझ पियानो ट्रिओ’. सूट म्हणजे एकामागून एक येणाऱ्या निरनिराळ्या चालींच्या तुकड्यांची माळ. बासरी वाजवणारे झाँ पिएर रांपाल, आणि रचना करून पियानो वाजवणारे क्लोद बोलिंग. दोघेही फ्रेंच. साथीला डबल बासवर माक्स एदिगे आणि ड्रमवर मार्सेल साबियानी. डबल बास म्हणजे माणसाएवढ्या उंचीचे तंतुवाद्य. येथे ते पुष्कळदा बोटांनी छेडून वाजते. हे संगीत १९७३ साली ध्वनिमुद्रित झाले आणि १९७५ साली अमेरिकेत बाजारात आले.

आता या दोघांची ओळख करून दिली पाहिजे, कारण ते दोघे अगदी दोन वेगळ्या घरचे.

रांपाल यांचा जन्म १९२२ सालचा, मार्सेय बंदरातला. वडील स्वतः बासरीचे प्राध्यापक. पण बासरीवर पोट भरत नाही, हे वडिलांना ठाऊक. म्हणून मुलाने डॉक्टर व्हावे, असे ठरले. मुलगा वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना, १९४३ साली, फ्रान्सवर जर्मनांचा अंमल होता. तरुणांना जर्मनीत सक्तीच्या मजुरीला नेत. रांपाल यांनाही बोलावणे आले. तेव्हा ते पळाले आणि पॅरिसला येऊन लपून राहिले. तेथल्या संगीत विद्यालयात नाव घातले आणि १९४४ साली बासरीचे पहिले पारितोषिक मिळवले. डॉक्टरी राहिली ती राहिलीच. पुढे त्यांनी अठराव्या शतकातले विस्मृतीत गेलेले बासरीसंगीत पुन्हा मैफलीत आणले. त्यांच्या आधी बासरी बहुधा वाद्यवृंदाच्या गर्दीत बसे. तिला एकटीला व्यासपीठावर उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

येथे आपल्या जिव्हाळ्याची एक गोष्ट सांगते. लुई लो नावाच्या कारागिराने १८६९ साली एक अस्सल सोन्याची बासरी घडवली होती. ती एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याच्या हाती लागली. वितळवून सोने विकावे, असा त्याचा विचार. १९४८ साली रांपाल यांनी घरच्यांच्या मदतीने पैसे उभे करून ती वाचवली. सोने मोडून पैसा करणारे आपण पुष्कळ पाहतो. सोने मोडू नये म्हणून पैसा जमवणारा हा एकच ऐकला.

क्लोद बोलिंग यांचे घर जॅझचे. जन्म १९३० चा, कान गावचा. चौदाव्या वर्षापासून ते व्यवसाय म्हणून जॅझ पियानो वाजवू लागले. ड्यूक एलिंग्टन या अमेरिकन कृष्णवर्णीय कलावंताला त्यांनी जन्मभर गुरुस्थानी मानले. पुष्कळ फ्रेंच चित्रपटांना त्यांनी संगीत दिले.

जॅझ म्हणजे काय, हे मला सुनेने समजावले ते असे. अमेरिकेत न्यू ऑर्लिअन्स शहरात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात, गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांच्या मुलानातवंडांनी हे संगीत घडवले. त्यात चाल ठरलेली असते, पण वाजवणारा ती दर वेळी नव्याने मांडतो. मी म्हटले, “म्हणजे आमची उपज!” ती म्हणाली, “तसेच काहीसे, आई.” आणि त्याच्या चालण्यात एक झोका असतो. एका मात्रेचे दोन भाग कागदावर सारखे लिहिलेले दिसले, तरी वाजवताना पहिला लांबवायचा आणि दुसरा आखडायचा. त्याला ते लोक स्विंग म्हणतात. हा झोका कागदावर पुरता उतरत नाही. तो ऐकून ऐकूनच अंगात मुरावा लागतो, जसा आपल्याकडे ठेक्याचा डौल मुरतो.

उलट रांपाल यांच्या घरची रीत अशी की, रचनाकाराने लिहिलेला स्वर हा शब्दप्रमाण. त्यात आपल्या पदरचे घालावयाचे नाही. असा हा शिस्तीचा बासरीवाला स्वतः होऊन बोलिंगकडे गेला आणि म्हणाला, माझ्यासाठी काही लिहा.

आता मला सांगा, आपल्यापैकी कोणी असती तर काय केले असते? एक तर पाहुण्याला सांगितले असते की, आमच्या घरी आलात तर आमच्यासारखे वागा. किंवा पाहुण्याचे मन राखायचे म्हणून आपलीच चूल विझवली असती. बोलिंग यांनी दोन्ही केले नाही. बासरीचा प्रत्येक स्वर त्यांनी लिहून दिला, तिच्या जुन्या घरंदाज वळणाला शोभेल असा. रांपाल यांना त्यांनी जॅझवाला व्हायला सांगितले नाही. आणि पियानो, बास, ड्रम यांनी मात्र आपला झोका सोडला नाही. दोघांनी एकमेकांच्या भाषेची नक्कल न करता एकमेकांशी बोलावे, असा हा बेत.

पहिला तुकडा ‘बरोक अँड ब्लू’. बासरी जुन्या युरोपी ढंगाने, पायात पाय न अडकवता, नीटस पावले टाकीत येते. मग ती थांबते आणि तिघे जण तेच बोलणे आपल्या झोक्यात घेतात. ती पुन्हा येते, तीही स्वतःच्याच चालीने. बिचकत नाही आणि रुसतही नाही. दुसरा ‘सांतिमांताल’ संथ आणि हळवा. रात्री सगळी निजानीज झाल्यावर स्वतःशीच गुणगुणावे तसा. ‘फ्यूगास’ या तुकड्यात जुनी फ्यूगची रीत आहे. एकीने ओळ सुरू करावी, ती अर्ध्यावर असताना दुसरीने तीच ओळ वेगळ्या स्वरावरून उचलावी, मग तिसरीने, आणि कोणाचीही ओळ तुटू नये. चार बायका एकाच वेळी बोलताहेत आणि तरी प्रत्येकीचे ऐकू येते आहे, असा हा चमत्कार. आपल्या सभेत तो अजून घडावयाचा आहे. ‘व्हर्सातील’मध्ये रांपाल नेहमीची बासरी ठेवून मोठी, खर्जातली बासरी घेतात. तिचा आवाज मला आपल्याकडच्या लांब वेळूच्या बासरीच्या जवळचा वाटला.

पण माझी डाळ राहिली ती तिसऱ्या तुकड्यापाशी. त्याचे नाव ‘जाव्हानेज’. तो सुरू झाला आणि माझा हात आपोआप मांडीवर पडू लागला. चार मात्रांत ते बसेना, तीनमध्येही बसेना. दोन आणि तीन, दोन आणि तीन. मी म्हणू लागले, “धी ना, धी धी ना. ती ना, धी धी ना.” सून जाळीची काठी हातात घेऊन दारात उभी राहिली. “आई, हे पाच मात्रांचे आहे, तुम्हांला कसे कळले?” मी म्हटले, “अगं, हा तर माझा झपताल. दहा मात्रांचा. याची दोन आवर्तने झाली की माझे एक होते.” लग्नाआधी सहा वर्षे मी गाणे शिकले होते. गुरुजींनी झपताल घोटून घेतला होता, तो इतक्या वर्षांनी एका परक्या तबकडीत माझी वाट पाहत बसला होता. ती काठी ठेवून माझ्याजवळ बसली. तिने मला बोटांनी पाच मोजून दाखवले, मी तिला दहा मोजून दाखवले. आमच्या घरी ती आल्यापासून आम्ही दोघी स्वयंपाकाखेरीज दुसऱ्या कशावर इतका वेळ बोललो, ते त्या दिवशी प्रथम.

मग मी तिला विचारले, “पेटी माळ्यावर का ठेवलीस?” ती काही बोलली नाही. नंतर म्हणाली, “तुम्हांला आवडली नव्हती ना.” एवढेच. माझ्या थट्टेचा तिने राग धरला नव्हता. ती शिरसावंद्य मानली होती, आणि तेच मला जास्त लागले.

त्यानंतर मी भेसळ या शब्दाचा पुष्कळ विचार केला. आमच्या भजनात भेसळ नको, असे मी म्हणाले होते. कोणत्या पेटीवर बसून म्हणाले होते? हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ यांनी घेतले. म्हणजे माझी पेटीही त्या तबकडीच्याच देशची! आपल्या संगीत नाटकांना ज्याने भरजरी साथ दिली, तो ऑर्गन परदेशी. व्हायोलिन परदेशी. पेटीवर मींड येत नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिला दारच बंद केले होते आणि पुढे १९७१ साली ते किलकिले केले. तरी आपल्या कीर्तनातून, भजनातून पेटी कोणी काढली नाही. आणि ज्या वेळूच्या बासरीचा मी एवढा टेंभा मिरवला, तिला तरी रागदारीच्या मैफलीत मानाची जागा कधी मिळाली? पन्नालाल घोष यांनी लांब, भरदार आवाजाची बासरी हाती घेऊन तीवर ख्याल वाजवला तेव्हा. ते १९६० साली गेले. म्हणजे ही फार जुनी गोष्ट नव्हे. तोवर ती गुराख्याची आणि कृष्णाच्या चित्रातली.

सुनेने मला आणखी एक सांगितले. याच रांपाल यांनी १९७६ साली निघालेल्या तबकडीत पंडित रविशंकर यांची रागदारीवर बांधलेली रचना त्यांच्या सतारीबरोबर वाजवली. मी ती ऐकली. तेथेही पाहुणा पाहुण्यासारखा अदबीने आला आहे. आपल्या बासरीला वेळूची बासरी म्हणवून घेण्याचा अट्टहास त्याने केलेला नाही.

तेव्हा मिश्रण म्हटले की सगळेच वाईट नाही आणि सगळेच चांगलेही नाही. मी माझ्या अनुभवातला दाखला देते. वरण आणि भात एकाच भांड्यात घालून शिजवले की खिचडी होते. खिचडीही वाईट नाही, आजाऱ्याला बरी. परंतु सणाच्या पानात वरण वेगळे शिजलेले असते, भात वेगळा शिजलेला असतो, आणि दोन्ही नीट शिजले असतील तरच ते पानात एकत्र आल्यावर गोड लागतात. कच्च्या भातावर कितीही वरण घातले तरी तो कच्चाच. बोलिंग आणि रांपाल यांचे दोघांचेही भात-वरण नीट शिजलेले होते. रांपाल पन्नाशीचे, बोलिंग चाळिशी ओलांडलेले. आपापल्या घरी वर्षानुवर्षे घासलेले. म्हणून त्यांना एकमेकांची भीती वाटली नाही.

या तबकडीला नावे ठेवणारेही होते. पाश्चात्य अभिजात संगीताच्या अभिमान्यांपैकी काहींना ती हलकी वाटली आणि जॅझच्या अभिमान्यांपैकी काहींना ती खरी जॅझ वाटली नाही. दोन घरच्या लग्नात दोन्हीकडचे काही काका रुसतातच. पण लोकांनी तिला उचलून धरले. अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ या साप्ताहिकाच्या अभिजात संगीताच्या यादीत ती सुमारे दहा वर्षे टिकून राहिली. मग गिटारवाले, व्हायोलिनवाले, ट्रम्पेटवाले असे एकेक मोठे वादक बोलिंग यांच्याकडे आले आणि त्या प्रत्येकासाठी त्यांनी अशाच रचना केल्या. १९८७ साली याच दोघांची बासरीची दुसरी माळही आली. रांपाल २००० साली गेले, बोलिंग २०२० च्या डिसेंबरात. जगभरच्या बासरीच्या वर्गांतून मुले अजून ते तुकडे वाजवतात. माझ्या सुनेनेही त्यातला पहिला तुकडा बाराव्या वर्षी बसवला होता. वडील समोर तबकडी लावून ठेवीत आणि ती तिच्याबरोबर वाजवी. नळाची तोटी म्हणून मी ज्याची थट्टा केली, ते हे होते.

आता मंडळाच्या कामाचे बोलते. ज्या तरुण सभासदांनी गेल्या वर्षी नवी वाद्ये घेण्याची सूचना केली, त्यांना मी उत्तर दिले नव्हते, गप्प केले होते. आज त्यांना माझे सांगणे आहे की, वाद्य कोणतेही आणा, पण ते मनापासून शिकून आणा. भजनाच्या शब्दांवर चढून वाजणार असेल, तर मी अजूनही विरोध करीन. आणि माझ्या वयाच्या भगिनींना सांगणे आहे की, नवे काही दिसले तर हसण्यापूर्वी एकदा बसून ऐका. आपल्या हसण्याने एखादी पेटी माळ्यावर जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

गेले दोन महिने दुपारची कामे आटोपली की मी पेटी घेऊन बसते आणि सून बासरी घेऊन. पहिले काही दिवस फार विचित्र गेले. ती माझ्या आवाजामागून येऊ पाही आणि माझी मींड तिला धरता येईना. शेवटी ती म्हणाली, “आई, मी तुमच्या गाण्याची नक्कल करीत नाही. तुम्ही ओळ पुरी करा, मग मी माझ्या पद्धतीने उत्तर देते.” तेव्हापासून जमू लागले. ती मला जागा देते, मी तिला देते. कधी सम चुकते आणि आम्ही दोघी हसतो.

चहापानानंतर आपले भजन आहे. त्यात झपतालातला एक अभंग आम्ही बसवला आहे आणि कडव्यांच्या मधल्या जागा माझी सून आपल्या बासरीवर भरणार आहे. घरी मी तिची क्षमा मागितली आहे. परंतु तोटीचे बोलणे घरातले होते, भेसळीचे बोलणे चारचौघींतले. म्हणून ते चारचौघींतच मागे घेते. गेल्या वर्षी ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनी त्या परत घ्याव्यात असे मी म्हणत नाही. अभंग संपल्यावर, आवडला तरच, एकदा तिच्यासाठी वाजवाव्यात, एवढीच विनंती आहे.

माझे बोलणे लांबले. चहा निवत असेल.